गव्हाच्या पोत्याची ओढ

या विश्वात एकटं असं काहीच नाही. ग्रह ताऱ्याला ओढतो, चंद्र ग्रहाला ओढतो, आणि हा कारभार फक्त आकाशातल्या मोठ्या मंडळींपुरता नाही. घरातलं कपाट खुर्चीला ओढतं, खुर्ची पाण्याच्या बाटलीला ओढते आणि बाटलीही आपल्या कुवतीप्रमाणे कपाटाला ओढतच असते. ज्याचं वस्तुमान जास्त त्याची ओढ जास्त, आणि जो जितका जवळ त्याची आणखी जास्त. राजा असो वा रंक, या नियमातून कोणाचीही सुटका नाही.

हे उद्गार मी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत काढले. विषय गच्चीवरच्या टाकीच्या झाकणाचा होता.

झालं असं की सेक्रेटरी म्हणाले, नवी टाकी जुन्या टाकीला अगदी खेटून ठेवली तरी हरकत नाही, दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. आता, 'काही संबंध नाही' हे विधान शास्त्राला धरून नव्हतं, आणि चुकीचं विधान माझ्यासमोरून सुखरूप निघून गेलंय असं बत्तीस वर्षांत घडलेलं नाही. मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. दुकानात शिरायचं, दुकानदाराचा नमस्कार घ्यायचा नाही, चहा तर नाहीच नाही, थेट तराजूपाशी जायचं आणि दांडीला तर्जनीने हलकेच एक टिचकी द्यायची. दांडी मोकळी असेल तर डुलते, आणि कुठे अडकवून ठेवली असेल तर चोर सापडतो. त्या एका टिचकीने मी किती तराजू जप्त केले याची नोंद खात्यात आहे. निवृत्तीला सहा वर्षं झाली तरी बोटाला ते कळलेलं नाही. टांगलेली, डुलणारी, तोललेली कोणतीही वस्तू दिसली की बोट आपोआप पुढे जातं. दवाखान्यातल्या वजनकाट्याला मी आधी टिचकी देतो, मग वर चढतो. डॉक्टर आता काही बोलत नाहीत.

तर मी उठलो आणि वर लिहिलेले उद्गार काढले. सेक्रेटरींनी विचारलं, म्हणजे टाक्या एकमेकींकडे सरकत जातील का. मी म्हटलं, सरकणार नाहीत, पण ओढ आहे. ते म्हणाले, जी ओढ दिसत नाही, जाणवत नाही आणि जिच्यामुळे काही हलत नाही, ती इतिवृत्तात कशी लिहायची. सभा हसली. हसण्यात खालच्या मजल्यावरचे वकील सर्वांत पुढे होते.

त्या क्षणी माणसाने गप्प बसावं. मी म्हणालो, "घरातल्या साध्या वस्तू घेऊन ही ओढ मी सगळ्यांना डोळ्यांनी दाखवीन."

"आणि नाही दाखवता आली तर?" सेक्रेटरींनी विचारलं. ते इतक्या चपळाईने विचारलं गेलं की हा प्रश्न त्यांच्या खिशात काही वर्षं तयार असावा.

"तर पुढचं वर्षभर मी सभेत तोंड उघडणार नाही."

सभागृहात अशी शांतता पसरली जशी लॉटरीचा आकडा जुळत आल्यावर पसरते. मग सेक्रेटरींनी ते वाक्य शब्द न् शब्द लिहून घेतलं, सभा नऊ दिवसांसाठी, म्हणजे पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी संध्याकाळी सहापर्यंत तहकूब केली, आणि ठराव मताला टाकला. ठराव एकमताने मंजूर झाला. एकमताने म्हणजे बायकांच्या रांगेत माझ्या बायकोचाही हात वर होता. घरी गेल्यावर विचारलं तर म्हणाली, पदर सारखा करत होते. पण पदर उजव्या खांद्यावर नसतो.

ही थट्टा वाटेल, पण मला त्या रात्री झोप नीट लागली नाही. नोकरी गेली, शिक्का गेला, दुकानदार रस्त्यात दिसले तर ओळख दाखवतात पण घाबरत नाहीत. आता जगात एकच जागा उरली होती जिथे मी उभा राहून 'हे चूक आहे' म्हणालो की ते लिहून घ्यावं लागायचं. तीही गेली तर मी नुसता दुसऱ्या मजल्यावरचा म्हातारा.

सोमवारी सकाळी कामाला लागलो. प्रयोग तसा सरळ आहे. एक हलकी दांडी मधोमध बारीक दोरीने टांगायची, दोन टोकांना दोन लहान वजनं लावायची, आणि दांडी पूर्ण स्थिर झाली की त्या वजनांच्या जवळ दोन जड वस्तू समोरासमोरच्या बाजूंनी आणून ठेवायच्या. जड वस्तूंनी लहान वजनांना ओढलं की दांडी किंचित वळते. एवढंच. दांडीसाठी पडद्याची काठी घेतली. लहान वजनं म्हणून काचेचे दोन पेपरवेट, जे खात्याने मला निवृत्तीच्या दिवशी दिले होते आणि ज्यांच्याखाली ठेवण्यासारखा कागद त्यानंतर घरात आलाच नाही. दोरी मासे धरायच्या गळाची. दांडीच्या मध्यावर आरशाचा तुकडा चिकटवला, त्यावर टॉर्चचा झोत टाकला की प्रकाशाचा ठिपका समोरच्या भिंतीवर पडायचा. भिंतीवर सगळा महिना एकाच ओळीत छापलेली लांब दिनदर्शिका होतीच, तिचे चौकोन मोजपट्टीचं काम करणार होते. दांडी केसभर वळली तरी ठिपका तारीख बदलणार. आरसा बायकोच्या पावडरच्या डबीतला होता. तिला मी आधी विचारलं नव्हतं, कारण विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती.

प्रश्न एकच होता, टांगायचं कुठे. झोपायच्या खोलीत छताला एकच हुक, आणि त्याला पंखा होता.

वायरमनला बोलावलं. त्याने पंखा लावून पाहिला, तिन्ही वेगांवर पाहिला, आणि म्हणाला की पंख्यात काही बिघाड नाही. मी म्हटलं, बिघाड नाहीच, मला हुक पाहिजे. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं, ज्या नजरेने घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी कळवावं का असं विचारतात त्या नजरेने. बायको म्हणाली, काढा. पंखा उतरवून हॉलमधल्या सोफ्यावर ठेवला. तिथे तो तीन पाती पसरून माझ्या जागेवर बसला आणि नऊ दिवस उठला नाही. उन्हाळा कडक होता. हॉलमधलाही पंखा बंद ठेवावा लागला, कारण दाराच्या फटीतून वारा आत जायचा आणि दांडी फिरायची. बायको वर्तमानपत्राने वारा घेऊ लागली. त्यावरही मी तिला जरा हळू घ्यायला सांगितलं.

पहिल्या दिवशी पाच-पाच किलोंची वजनं ठेवली. दांडीला त्यांची ओळखसुद्धा पटली नाही. ती आपली भरकटत राहिली, ठिपका दोन तारखेपासून अठ्ठावीस तारखेपर्यंत सगळा महिना फिरत होता. मग दांडीच्या खाली पत्र्याची एक पट्टी लावून ती तेलाच्या वाडग्यात बुडवली, म्हणजे डुलणं लवकर निवावं. खाण्याचं तेल होतं. वाडगा आमटीचा होता. आमचं जेवण त्यानंतर ताटल्यांत झालं.

या प्रयोगाचा खरा शत्रू वारा नाही, वाट पाहणं आहे. दांडी निवायला चार तास लागतात. चार तास बंद दाराबाहेर बसून राहणं हे साधुसंतांचं काम आहे. माझा पिंड फिरतीचा. मी हॉलमध्ये येरझारा घालायचो, घड्याळ बघायचो, घड्याळ बरोबर आहे का म्हणून दुसरं घड्याळ बघायचो, दाराच्या फटीला डोळा लावायचो. ठिपका हळूहळू मंदावत एका तारखेवर येऊन थबकला की मी चपला काढून, श्वास रोखून आत जायचो, सगळं मोकळं आहे ना याची खात्री करून घ्यायचो, आणि बाहेर येऊन बघतो तो ठिपका पुन्हा महिनाभर हिंडायला निघालेला.

"अहो, तुम्ही आत गेलात की—" बायको म्हणाली.

मी म्हटलं, मला कळतंय, मी पावलं अगदी हळू टाकतो.

वजन कमी पडतंय हे उघड होतं. नियमच तसा आहे: वस्तुमान दुप्पट, ओढ दुप्पट. म्हणून तिसऱ्या दिवशी धान्याच्या व्यापाऱ्याकडे गेलो. याला मी एकदा हलक्या वजनांबद्दल दंड केला होता. मी दुकानात पाऊल टाकताच तो उभा राहिला आणि त्याचा हात आपोआप गल्ल्यावरच्या परवान्याकडे गेला. मी म्हटलं, वीस-वीस किलोंची चार लोखंडी वजनं आठवड्यासाठी उसनी हवीत. तो म्हणाला, साहेब, वजनं खरी आहेत, गेल्या महिन्यातच शिक्का मारून आणलाय. मी म्हटलं, मला तपासायची नाहीत, एका वस्तूला ओढायला हवी आहेत. त्याचा चेहरा आणखी उतरला. सरळ माणसाच्या सरळ बोलण्यावर व्यापारी माणूस कधी विश्वास ठेवत नाही.

वजनं आली, दांडी निवली, मी खात्री करून आलो, ठिपका हिंडायला गेला. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी पाहणीला आले. लोखंडाची वजनं बघून त्यांनी हरकत घेतली की हे लोहचुंबकाचं काम असू शकतं, आणि सभेत शब्द 'घरातल्या साध्या वस्तू' असे होते. मी म्हटलं, काच लोहचुंबकाकडे ओढली जात नाही. ते म्हणाले, ते तुम्ही सांगताय. वही काढून त्यांनी वाक्य दाखवलं. माझंच वाक्य होतं. मला माझ्याच वाक्यात पकडणारा माणूस मी प्रथमच पाहत होतो, आणि खरं सांगायचं तर क्षणभर आदरच वाटला.

तेव्हा गहू. गव्हाइतकी साधी वस्तू घरात दुसरी नाही. व्यापाऱ्याकडून पन्नास किलोंची दोन पोती मागवली. हमालांनी ती दुसऱ्या मजल्यावर आणून टाकली तेव्हा तोलून पाहिली, तर एक बावन्न किलो भरलं आणि दुसरं साडेत्रेपन्न. पन्नासची किंमत लावून जास्त माल पाठवणारा व्यापारी मी बत्तीस वर्षांत पाहिला नव्हता. भीती ही गोष्ट खात्याबाहेरही काही काळ टिकते, याचं समाधान वाटलं.

पोती चाकांच्या पाटांवर ठेवून त्यांना दोऱ्या बांधल्या आणि दोऱ्या दाराखालून बाहेर काढल्या. बाहेरून एक दोरी ओढली की पोती पेपरवेटजवळ यायची, दुसरी ओढली की लांब जायची. ही युक्ती माझी. मग कागद घेऊन गणित मांडलं. एका पोत्याची एका पेपरवेटला एक फुटावरून जी ओढ लागते ती किती, तर गव्हाच्या एका दाण्याचे पन्नास हजार तुकडे केले तर त्यातल्या एका तुकड्याच्या वजनाइतकी. मी हे बायकोला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती कपाळावरचा घाम पुसत म्हणाली, "आणि एवढ्यासाठी पंखा काढला."

मी म्हटलं, ओढ लहान असली तरी सगळीकडे आहे; आपण दोघं जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसतो तेव्हा आपल्यातही आहे. तिने विचारलं, किती. मी तेही काढलं. गव्हाच्या एका दाण्याच्या सुमारे हजाराव्या भागाइतकी. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, हिशेब बरोबर वाटतो.

तरीही दांडी ऐकेना. पोती लांब ठेवून आधी ती स्थिर झाली पाहिजे, तर पुढचं. आणि ती स्थिर झाली म्हणून मी आत जाऊन यावं तर पुन्हा तेच. साहजिकच माझा संशय इमारतीवर गेला. वरच्या मजल्यावर नृत्यशिक्षिका राहतात. त्यांना विनंती करून आठवडाभर शिकवणी बसून घ्यायला लावली. बसून नृत्य कसं शिकवतात मला ठाऊक नाही, पण वरून आठ मुलींच्या टाळ्या ऐकू यायच्या. शेजाऱ्यांच्या धुलाईयंत्राला वेळ ठरवून दिली. जिन्यात पाटी लावली: 'कृपया पाय न आपटता चढावे. वरती विश्वाचा नियम चालू आहे.' कोणीतरी पेन्सिलीने खाली लिहिलं, 'आणि पंखा बंद आहे.' अक्षर ओळखीचं वाटलं, पण चौकशी केली नाही.

सल्ला द्यायला सगळे होते. शेजारी म्हणाले, खोलीची दिशा चुकीची आहे. नृत्यशिक्षिका म्हणाल्या, दांडीला मधोमध तोल नाही, माणसालाही नसतो, तो शिकवावा लागतो. बायकोने पुन्हा एकदा सुरुवात केली, "मी काय म्हणते, तुम्ही ते बोट—" पण त्याच वेळी जिन्यात कोणाचा तरी पाय आपटला आणि मला धावावं लागलं.

आणि मग सहाव्या दिवशी चमत्कार झाला. दुपारी फटीतून पाहतो तर ठिपका पुढे सरकून एकोणीस तारखेवर ठाम उभा. पोती जवळ, दांडी पोत्यांकडे वळलेली, हलायचं नाव नाही. मी तसाच, बनियनवर, सेक्रेटरींना घेऊन आलो. त्यांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं, आणखी वाकून पाहिलं, आणि हात न लावता म्हणाले, साहेब, हे काय. पेपरवेटपासून पोत्यापर्यंत कोळ्याचा एक धागा ताणलेला होता. पोत्याच्या शिवणीपाशी स्वतः कोळी बसला होता आणि आपण निसर्गनियमात ढवळाढवळ केली आहे याची त्याला जाणीवही दिसत नव्हती. सेक्रेटरींनी वहीत नोंद केली: 'ओढ आढळली. कारण: कोळी.' बायको मागून म्हणाली की सहा दिवस खोलीत केर काढू दिला असता तर कोळी आला नसता. मी केर काढला.

त्याच दिवशी वकिलांचं पत्रही आलं. ते आमच्या बरोबर खाली राहतात, रोज सकाळी जिन्यात भेटतात, त्याही सकाळी भेटले, हसले, आणि पत्र नोंदणीकृत टपालाने आलं. त्यांच्या झोपायच्या खोलीच्या छताला बारीक चीर पडली असून ती माझ्या पोत्यांमुळे आहे, असं त्यात होतं. ती चीर मी चार वर्षांपूर्वी त्यांच्याकडे गेलो असताना स्वतः त्यांना दाखवली होती, तेव्हा त्यांनी ती कोळ्याचं जाळं आहे म्हणून सांगितलं होतं. सेक्रेटरींनी त्या पत्रावर नोटीस काढली: खोलीत शंभर किलोंहून अधिक वजन ठेवायचं तर पालिकेच्या अभियंत्याचा भारमान दाखला आणा, नाहीतर मंगळवारी पोती खाली उतरवा. मंगळवारी म्हणजे सभेच्याच दिवशी.

सोमवारी पालिकेत गेलो. कारकून सज्जन होता, म्हणजे त्याने मान वर करून नाही म्हटलं. आधी अर्ज. अर्जात रकाना होता: 'वजनदार वस्तू ठेवण्याचा उद्देश'. मी लिहिलं, आकर्षण. त्याने वाचलं आणि विचारलं, "कोणाचं कोणाला?"

"गव्हाच्या पोत्याचं पेपरवेटला."

त्याने पेन खाली ठेवलं. म्हणाला की निवासी जागेत साठवणूक, धार्मिक कार्य आणि व्यायामशाळा असे तीनच उद्देश चालतात, आकर्षण कोणत्या टेबलाकडे पाठवायचं हे त्याला साहेबांना विचारावं लागेल, आणि साहेब उद्या येतील. उद्या सकाळी दहाला या, बाकावर बसा, नाव पुकारलं की ताबडतोब पुढे यायचं. जागेवर नसलात तर नंबर गेला.

मंगळवारी सकाळी निघताना मनाची अवस्था सांगण्यासारखी नव्हती. आठ दिवसांत ठिपका एकदाही दोन तास एका जागी थांबला नव्हता, कोळ्याचा अपवाद सोडला तर. दाखला मिळाला तरी दाखवायला काही नव्हतं, आणि संध्याकाळी सहानंतर वर्षभर मला टाकीच्या झाकणावरही मत नव्हतं. दारातून बायकोला म्हटलं, दांडीकडे लक्ष ठेव. आणि जाता जाता आत डोकावून सगळं मोकळं आहे ना तेवढं पाहून आलो.

ती म्हणाली, "या सावकाश. आणि जागेवरून उठू नका, नंबर जाईल."

बाकावर बसलो. असं बसणं मी आयुष्यात केलेलं नाही. उठावं तर नंबर जाणार, चुळबुळ करावी तर शेजारचे गृहस्थ दचकून जागे होणार. समोर कारकुनाच्या डोक्यावर एक दिवा लांब तारेने टांगलेला होता आणि जरासा तिरका होता. माझं बोट शिवशिवत होतं. एकदा तर अर्धवट उठलोही, पण कारकुनाने पाहिलं, आणि मी हात मांडीखाली घालून बसलो. अकरा वाजले, एक वाजला, सगळी कचेरी जेवायला गेली आणि मी हातांवर बसून राहिलो. तीन वाजता साहेब आले. साडेपाचला माझं नाव पुकारलं. साहेबांनी अर्ज वाचला, शंभर किलो म्हणजे दोन जाडजूड पाहुणे, पाहुण्यांना दाखला लागत नाही म्हणाले, आणि तसं लिहून अर्ज परत दिला. साडेसात तासांचं काम एका ओळीत झालं.

धावतपळत इमारतीत आलो तेव्हा साडेसहा होत आले होते. सभागृहात गेलो तर खुर्च्या मांडलेल्या आणि माणूस एकही नाही. म्हणजे ठराव होऊन सभा संपली. माझ्या गैरहजेरीत मला गप्प केलं होतं, आणि हे नियमाला धरून नाही असं म्हणायलाही आता मला परवानगी नव्हती. जिना चढलो. कोणाचाही आवाज नाही, वरच्या टाळ्याही नाहीत.

आमचं दार उघडं होतं. हॉलमध्ये जमिनीवर सगळी सोसायटी बसली होती. सोफ्यावर पंखा, पंख्याच्या दोन पात्यांच्या मधे वकील, खाली नृत्यशिक्षिका, शेजारी आणि बाकीचे, सगळे घामाने निथळत आणि कोणीही हूं का चूं करत नव्हतं. खोलीच्या दाराशी स्टुलावर बायको, हातात दोरीचं टोक. तिच्या बाजूला सेक्रेटरी वही घेऊन फटीला डोळा लावून बसले होते. मी तोंड उघडणार तोच बायकोने ओठांवर बोट ठेवलं.

सेक्रेटरी कुजबुजत्या आवाजात, वहीत पाहून मला सांगू लागले. दुपारी दोनला ठिपका चौदा तारखेवर थांबला. वहिनींनी दोरी ओढली, पोती जवळ आली. साडेतीनला ठिपका सतरावर. पोती लांब केली, पाचला पुन्हा चौदावर. मग वहिनींनी आम्हाला बोलावलं. आमच्यासमोर पोती पुन्हा जवळ. आता सोळा ओलांडलंय.

मी त्यांना बाजूला करून फटीतून पाहिलं. आत कोणी नव्हतं. दोन पोती आपली निमूट बसली होती, दोन पेपरवेट टांगलेले होते, आणि भिंतीवर तो प्रकाशाचा ठिपका मुंगीहूनही सावकाश, कोणाला न विचारता, सतराच्या चौकोनात शिरत होता. धागा नाही, वारा नाही, लोखंड नाही. नुसता गहू काचेला बोलावत होता. पुस्तकात वाचलेलं मला सगळं माहीत होतं, तरी डोळा फटीपासून हलवला नाही. ठिपका सतराच्या मधोमध आला आणि थांबला.

चपला काढल्या, श्वास रोखला, दार हलकेच लोटलं आणि एक पाऊल आत टाकलं. तेवढ्यात मागून कोणीतरी माझा हात धरला. हात नव्हे, बोट. पाहिलं तर माझी उजवी तर्जनी ताठ पुढे झालेली होती आणि बायकोने ती मुठीत घट्ट पकडली होती.

"हे," ती हळूच म्हणाली. "गेले आठ दिवस. दर वेळी ती थांबली की तुम्ही आत जाता आणि हे करता."

मी तिच्याकडे पाहिलं, मग बोटाकडे पाहिलं. नृत्यशिक्षिका बसून शिकवत होत्या, शेजारी ठरल्या वेळी कपडे धूत होते, जिन्यात पाटी होती. चोर सापडला होता, आणि मुद्देमालासकट सापडला होता.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगतच होते," ती म्हणाली. "वाक्य पुरं होऊ दिलंत का कधी?"

यावर हॉलमधून हसू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. सेक्रेटरींनी मात्र घड्याळ पाहिलं, वही उघडली आणि उभे राहून वाचलं की घरातल्या साध्या वस्तूंमधली ओढ सर्व सभासदांनी डोळ्यांनी पाहिली, सबब निरीक्षकसाहेबांचा बोलण्याचा हक्क अबाधित आहे. हात वर झाले. वकिलांचाही झाला. बायकोचाही झाला, आणि या वेळी पदर सारखा करत असल्याचं तिने सांगितलं नाही.

"बोला साहेब," सेक्रेटरी म्हणाले आणि पेन सरसावून बसले.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. नऊ दिवसांचं भाषण तयार होतं. सुरुवात ताऱ्यांपासून होती. मी घसा खाकरला, आणि काय झालं कोण जाणे, बायकोकडे वळून म्हणालो, "आधी तू बोल. कालपरवापासून काही सांगत होतीस, ते पुरं कर."

तिने दोरीचं टोक स्टुलाला बांधलं, पदराने मान पुसली, सोफ्याकडे पाहिलं.

"दुसरं काही नाही," ती म्हणाली. "तो पंखा तेवढा टांगून द्या."